गव्हाच्या साखरेचा लाल रंग

माय,

परवा ओल्या फडक्यात बांधून ठेवलेल्या गव्हाला आज सकाळी मोड फुटले. पणतू सहा महिन्यांचा झालाय, त्याला सत्त्व करायचं म्हणून मीच हट्टानं बांधले होते. नातसून तर दुकानातून डबा आणायला निघाली होती. फडकं सोडलं आणि तो वास आला, थोडा काकडीचा, थोडा ओल्या गोणपाटाचा. मी मोरीपाशी खालीच बसले. सूनबाई पळत आली, "आई, चक्कर आली का?" म्हटलं, चक्कर नाही गं बाई, सुरतेचं लिंबायत आलं. ती हसली, पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि कामाला गेली. पेला हातात आला तशी तू आठवलीस, बाबा आठवले, तो चिनीभाऊ आठवला, आणि बाबांनी मला गप्प बसायला सांगितलेली ती एक गोष्ट आठवली. तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली. आता सांगायला हरकत नाही, असं माझं मीच ठरवलंय.

तुझ्यावेळचं लिंबायत मला अजून डोळे मिटून चालता येईल. पत्र्याची खोली, समोर उघडं गटार, पलीकडे लूमचा खडखडाट, तो थांबला की झोपमोड व्हायची. बाबा मिलमध्ये रातपाळीला. खानदेशातून आलो तेव्हा सुरुवातीला ते प्यायचे. गुजरातेत दारूबंदी, पण ती सरकारी कागदावर, खाडीपलीकडे हवं ते मिळायचं. ते पिऊन आले की तू भाकरीचं टोपलं उचलून शेजारी ठेवून यायचीस, कारण घरात राहिलं तर लाथेनं उडायचं. मग बौद्ध धम्माची दीक्षा झाली. पांढरे कपडे घालून आपण सगळे ओळीनं बसलो, बाबांनी पाचही शीलं मोठ्यानं म्हटली, आणि पाचवं, नशा न करण्याचं, म्हणताना तू एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघितलंस. मी शेजारीच होते, मला दिसलं. त्या दिवसापासून त्यांनी दारूला हात लावला नाही. पण तुझा विश्वास काही बसेना. पाळीवरून ते आले की तू पाण्याचा पेला त्यांच्या हातात द्यायचीस आणि देता देता पुढं वाकून हळूच वास घ्यायचीस. बाबांना ते कळत होतं. ते मुद्दाम तोंड उघडून "हाऽऽ" करून दाखवायचे. तू म्हणायचीस, "मला काय करायचं ते, घाम पुसा आधी."

मी लग्न होऊन उधन्याला गेले, त्याच सुमाराला तू स्टेशनजवळच्या चिनीभाऊच्या खानावळीत कामाला लागलीस. कांदा चिरायचा, कोंबड्या-बदकं सोलायची, भांडी घासायची. चार टेबलांची ती जागा, येणारे म्हणजे मिलचे साहेब, फिरते विक्रेते आणि बदकासाठी जीव टाकणारे पारशी. चिनीभाऊ मूळ कलकत्त्याचा, बायको नव्हती, बोलायचा सुरती गुजराती आणि हिंदी यांची खिचडी. चीनच्या लढाईनंतर त्याला पोलीस ठाण्यावर हजेरी लावावी लागायची आणि कलकत्त्याहून येणारे त्याचे मसाल्याचे डबे बंद झाले होते. त्यातच भाजण्याआधी बदकाला फासायची ती धान्याची साखर होती. बाकी सगळं त्यानं कसंबसं जमवलं, पण त्या साखरेवाचून त्याचं बदक, त्याच्याच शब्दांत, "नागडुं" दिसायचं.

तू त्याला म्हणालीस, गूळ लावा की. त्यानं लावला. बदक भट्टीतून बाहेर आलं ते कोळसा होऊन. "बेन, गोळ तो जल जाता है," तो कपाळाला हात लावून म्हणाला. साधी साखर लावली तर सुरतेच्या दमट हवेत कातडी चिकट राहिली, आणि मध कुणाला परवडणार. मग एका दुपारी त्यानं तुला ती साखर कशी होते ते सांगितलं. गव्हाला मोड आणायचे, ते बोटभर झाले की कुटायचे, मऊ शिजवलेल्या भातात कालवायचे, ऊब देऊन ठेवायचे. धान्य आपलं आपणच गोड होतं. मग गाळायचं आणि आटवायचं. तू हसत सुटलीस. "अहो भाऊ, हे तर अर्धं आमच्याकडे लेकरांसाठी करतात. मोड आणून वाळवतात, दळतात. आम्ही अर्ध्यावर थांबलो आणि तुम्ही पुढं गेलात, एवढंच!" तो म्हणाला, "तो बेन, आगे चलो."

आणि तू गेलीस की पुढं! पहिल्यांदा रेशनचा गहू भिजवलास. तो मेला मोड येण्याऐवजी फुगून आंबूस चिकट झाला, गटारात टाकावा लागला. मग गावाकडून कुणी येणार असलं की घरचा गहू मागवायला लागलीस. भाताला नवापूरची कणी. पाट्यावर मोड वाटताना हिरवा-पांढरा रस तुझ्या कोपरापर्यंत यायचा. पातेलं झाकून, गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायचीस, दिवस मावळताना उघडलं की भात विरघळलेला असायचा आणि पाणी गोड. ते फडक्यातून पिळून कढईत आटवायला बसलीस की तू गुणगुणायचीस. हे मी माहेरी आले की ऐकायची. गाव सुटल्यापासून तुझं गुणगुणणं बंद झालं होतं ना गं. जात्यावरच्या ओव्यांत देव यायचे आणि देव तर आपण सोडले, आणि इथं जातंही नव्हतं. त्या कढईशी तुझा आवाज परत आला. शब्द नसायचे, नुसता सूर. रातपाळी करून आलेले बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, आणि आम्हाला वाटायचं ते झोपलेत.

बाबांना हा प्रकार पहिल्यापासून पसंत नव्हता. "मोड, पाणी अन् ऊब," ते बोटांवर मोजत म्हणायचे, "पुढं काय होतं मला विचार. हे दारूचं माहेर आहे." तू म्हणायचीस, "माहेर असेल, सासर नाही. मी वेळेत काढते." ते एकदा खात्री करायला खानावळीत गेले. तिथं भिंतीवर बुद्धाची मूर्ती, पण ढेरपोटी, खो खो हसणारी. बाबा बिचकले. "हे आपले नव्हेत," ते म्हणाले. चिनीभाऊ म्हणाला, "मोटा है, लेकिन वो ही है. खाने की दुकान में आया न, इसलिए." बाबा घरी येऊन दिवसभर ते आठवून हसत होते, पण पातेल्याला हात लावणार नाही म्हणाले ते म्हणालेच. तेवढी एक अट त्यांनी घातली. भांडं तुझं, जबाबदारी तुझी.

चाळीत व्हायचं तेच झालं. समोरच्या म्हातारीनं बोंब उठवली की खानदेशीण घरात हातभट्टी लावते. एक पोलीस जमादार आला. दारात उभा राहून दरडावला, "ए बेन, आ शुं उकाळे छे?" तू कढईतून डाव काढलास, थोडं निवू दिलंस आणि म्हणालीस, "चाखो साहेब." साखर त्याच्या मिशीला अशी चिकटली की तो निघाला तो मिशी चोळतच निघाला. हे तू खानावळीत सांगितलंस तेव्हा चिनीभाऊ पोट धरून हसला. म्हणाला, त्यांच्याकडे चुलीचा एक देव असतो, तो वर्षाखेरी वर जाऊन घरच्या सगळ्यांच्या चहाड्या सांगतो, म्हणून निघण्याआधी त्याच्या ओठांना हीच साखर फासतात. एक तर तो गोड बोलतो, नाहीतर तोंडच उघडत नाही. तुला ते फार आवडलं. समोरच्या म्हातारीकडे बघून कितीतरी दिवस म्हणायचीस, "डावभर साखर वाया गेली तर चालेल, पण हिचं तोंड एकदा चिकटवते."

आणि ते तीळ! कढईच्या बुडाशी राहिलेल्या साखरेत तू भाजलेले तीळ टाकलेस, थापून वड्या पाडल्यास. बाबांनी भुवया वर केल्या. "हे काय, संक्रांत? आपण सोडली ना?" तू शांतपणे वडी मोडलीस. "संक्रांत जानेवारीत असते. हा फाल्गुन आहे. अन् हे चिनी आहे, विचारा त्यांना." बाबांनी दोन वड्या खाल्ल्या आणि तिसरी खिशात टाकून पाळीला गेले. चिनीभाऊकडेही खरंच तशी वडी करतात, हे तुला नंतर कळलं. तेव्हा तू दडपून खोटं बोलली होतीस, आणि तुझं खोटं खरं निघालं, असं तुझं नशीब.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पहिल्या बाळंतपणाला मी तुझ्याकडे आले, तो उन्हाळा. मुलगा झाला. खोलीत एका कोपऱ्यात माझी बाज, एका कोपऱ्यात चूल, आणि दोन्हीकडे एकेक गुंडाळलेलं बोचकं. तू म्हणायचीस, "एक पोरीचं बाळ, एक माझं." चिनीभाऊकडे कुणा पारशाच्या घरची मोठी मागणी होती, त्यासाठी तू सकाळीच पातेलं लावलंस, आणि तेवढ्यात नंदुरबारहून निरोप आला की मावशी पडली, पाय मोडला. तू मिळेल त्या गाडीनं निघालीस. जाताना मला बजावलंस, "दिवस मावळताना समोरचीला हाक मार, गाळून घे अन् चुलीवर चढव. विसरू नको. राहिलं तर आंबेल, अन् आंबल्यावर त्याचं काय होतं तुला ठाऊक आहे. हे घर शीलाचं आहे." उद्या येते म्हणालीस. आणि मी विसरले. लेकराच्या पोटात कळ येत होती, ते रात्रभर रडत होतं, मी त्याच्याबरोबर रडत होते. बाबाही आले नाहीत, बदलीचा माणूस आला नाही म्हणून त्यांनी दुसरी पाळी जोडून केली. मावशीच्या पायामुळं तूही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाहीस.

दुपार आहे. पत्रा तापलाय. बाबा येतात, दारात चप्पल काढतात आणि एक पाय आत, एक बाहेर, तसेच थांबतात. नाक वर करतात. मला तोवर वास कळलाच नव्हता, रात्रभर त्यातच होते ना. ते विचारतात, "कशाना वास शे हाऊ?" आणि उत्तराची वाट न बघता कोपऱ्याकडे बघतात. गोधडी सोडतात. झाकण उघडल्याबरोबर फुस्स आवाज होतो. वर फेस, त्यात बुडबुडे फुटतायत, पुट, पुट. माय, मी बाजेवरून त्यांचं तोंड बघत होते. लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यासाठी भीती वाटली. खोलीत ते, ते पातेलं आणि मी, चौथं कुणी नाही. बाबा पातेल्यापासून हातभर लांब उकिडवे बसले. डाव बुडवला, वर उचलला, आणि थेंब गळताना बघत राहिले. दोन पाळ्या करून आलेला माणूस, उपाशी, तहानलेला. मी लेकराला छातीशी धरलं.

मग त्यांनी डाव माझ्याकडे केला. "पोरी, तू चाखी पाहाय. गोड शे का आंबट? माले शील शे."

"मलाही शील आहे, बाबा."

"तुन्हं नवं शे, टिकी जाई," ते म्हणाले. "मन्हं शिवेल शे."

ठिगळ लावलेलं, म्हणजे. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. मी बोट बुडवून चाखलं. म्हटलं, गोड आहे, पण आंबट झालंय आणि जिभेला चिमटा काढतंय. बाबांनी मान हलवली. "म्हणजे व्हई गयी." मला वाटलं आता हे गटारात ओतणार. पण त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, आणि जे पातेलं शिवणार नाही म्हणून अट घातली होती ते दोन्ही हातांनी उचललं. फडक्यातून पिळलं. अर्धं अंगावर सांडलं, मग खुंटीवरच्या सदऱ्यालाच हात पुसले. लग्नाआधी ते गावी गुऱ्हाळावर राबले होते, हे मला त्या दिवशी कळलं. उसाचा रस आंबूस आला तर त्यात चुन्याची निवळी घालतात म्हणे. तंबाखू काही सुटली नव्हती, ती एक बरी गोष्ट झाली. त्यांनी कनवटीची चुन्याची डबी काढली, वाटीत पाणी घेऊन चुना कालवला, खाली बसू दिला, आणि वरचं निवळ पाणी कढईत सोडलं. केवढा फेस वर आला! तो काढत, ढवळत, चुलीतली लाकडं मागंपुढं करत ते बसून राहिले. दारूचा वास हळूहळू गेला. रंग चढायला लागला. तुझी साखर फिकट पिवळी व्हायची, ही लाल व्हायला लागली, पिकलेल्या चिंचेच्या रंगाची, आणि डाव उचलला की तार लांबच लांब.

मी विचारलं, "बाबा, ओतून का नाही दिलंत?" ते कढईकडेच बघत म्हणाले, "ओतलं तर तुझी माय विचारेल, का ओतलं. अन् तिला कळलं ना, की तिच्या हातून शीलाच्या घरात दारू झाली, तर ती पुन्हा हे भांडं चढवायची नाही. मला माहीत आहे ती. अन् भांडं नाही चढलं तर ती गुणगुणायची नाही." त्यांनी चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. मग म्हणाले, "मला झोप कशी लागेल मग?" इतके दिवस तो माणूस भिंतीकडे तोंड करून तुला ऐकत होता, माय. "तुन्हा मायले सांगजो नको," ते म्हणाले. "शपथ नाही घालत. नुसतं सांगतो." आणि साखर डब्यात भरली, भांडी घासली, चोथा मागच्या गटारात टाकला आणि पडले ते मेल्यासारखे झोपले.

तू संध्याकाळी आलीस. डबा भरलेला बघून मला आधी ओरडलीस, ओल्या बाळंतिणीनं चुलीशी बसायचं कुणी सांगितलं होतं म्हणून. मी म्हटलं, मीच केलं, समोरची मदतीला होती. मग त्या समोरचीनं दारातून तोंड घातलंच, "दुपारी तुमच्याकडं लई वास येत होता हो, ओळखीचा." तू खुंटीवरचा सदरा काढलास, नाकाशी नेलास. मी बघत होते. बाबा जागे होऊन बसले होते. रोज तू पेला त्यांच्या हातात द्यायचीस. त्या दिवशी तू तो त्यांच्यासमोर खाली ठेवलास. वाकलीसुद्धा नाहीस, वाससुद्धा घेतला नाहीस. बाबांनी पेला जमिनीवरून उचलला, पाणी प्यायले, आणि पेल्याच्या कडेवरून माझ्याकडे एकदा बघितलं. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं, त्यांनी थेंबालाही जीभ लावली नाही! पण त्यांची ती नजर. मी लेकराला पाजायला घेतलं.

पेला बरेच दिवस जमिनीवरच राहिला. तू भांडली नाहीस, रडली नाहीस, टोपलं शेजारी ठेवायला नेलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "वैशाखी पौर्णिमेला भंतेजींसमोर शील पुन्हा घ्या." बाबा म्हणाले, "घेईन." आणि घेतलं गं त्यांनी. एरवी सगळ्यांबरोबर म्हणतो ते वेगळं, हे एकटे उभे राहून, हात जोडून. न मोडलेलं शील तो माणूस पुन्हा घ्यायला उभा राहिला, आणि सगळ्या विहाराला वाटलं याचा पाय घसरला होता. मी मागं बायकांत बसून पदरात तोंड घालून रडले, बायकांना वाटलं बापाच्या पश्चात्तापानं रडते. घरी आल्यावर तू पेला त्यांच्या हातात दिलास. वाकलीस. त्यांनी "हाऽऽ" केलं. तू हसलीस. आणि गंमत बघ, त्यानंतर तू कधीच वास घेतला नाहीस. ज्याचा संशय तुला इतकी वर्षं होता, ते एकदा घडून गेलं आणि माणूस परत सरळ झाला, असं तुला वाटलं, आणि तुझी भीतीच गेली. खरं सांगून तू निर्धास्त झाली नसतीस, ती त्या खोट्यानं झालीस. याचा अर्थ काय लावायचा, मला अजून कळलेलं नाही.

चिनीभाऊनं तो डबा उघडला तेव्हा नाचायचाच बाकी राहिला होता. "बेन, कलर जो, कलर!" त्या पारशाकडची बदकं अशी झाली म्हणे की पाहुणे स्वयंपाकघरात बघायला आले. काळ्या रश्शात एक डाव टाकला तर रस्सा आरशासारखा चकचकीत. तो तुझ्यामागंच लागला, पुन्हा तसलीच कर. तू कितीदा प्रयत्न केलास! गहू बदललास, मोड लांब वाढवलेस, कढई बदललीस, बाभळीची लाकडं आणलीस. साखर उत्तम व्हायची, पण लाल काही होईना. मला विचारायचीस, "तू नेमकं काय केलं होतंस गं?" मी म्हणायची, तुझ्यासारखंच. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाबांचे खांदे हलायचे. तू त्यांच्यावर खेकसायचीस, "तुम्हाला काय झालं हसायला? तुम्हाला यातलं काय कळतं?" ते म्हणायचे, "काही नाही. तू गुणगुण."

पुढं चिनीभाऊ खानावळ विकून कलकत्त्याला परत गेला. जाताना त्यानं तुला त्याचा तो लांब दांड्याचा झारा दिला, तो अजून माझ्याकडे आहे. बाबा गेले तेव्हा बसायला आलेल्यांना तू सांगत होतीस, "माणूस सोन्यासारखा. एकदाच पाय घसरला, पण भर विहारात उभं राहून शील घेतलं." तुझा स्वर इतका अभिमानाचा होता, की मी उठून चहा टाकायला गेले. पुढं कुणाच्याही घरात नवरा पीत असला, की तू ती गोष्ट सांगायला जायचीस. तिच्यामुळं चाळीतल्या दोघांची सुटली, हेही खरं. मग मी कोणत्या तोंडानं सांगणार होते, की ते झालंच नव्हतं? चुलीच्या देवासारखं माझं तोंड तुम्ही दोघांनी मिळून चिकटवून टाकलं होतं.

तर माय, तो लाल रंग चुन्याचा होता. बाबांच्या तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा. बाबांच्या सदऱ्याला जो वास होता, तो त्यांनी तुझी साखर वाचवली त्याचा होता. हे तुला पाठवायचं कुठं, आणि पाठवलं तरी काय, तुला कुठं वाचता येत होतं? तुझी सगळी पत्रं मीच वाचून दाखवायची, नंदुरबारची, गावाची, सगळी. तेव्हा हे इथंच राहू दे. मोड वाळत घातलेत, त्यांच्यावर ऊन आलं की हलवायला उठायला हवं.

फक्त एक राहिलं. मी वर लिहिलं की बोट बुडवून चाखलं. तेवढंच नव्हतं ते. बाबा चुना कालवायला वळले, त्यांची पाठ होती, तेव्हा मी बाजेवरून उतरून कढईत वाटी बुडवली आणि भरून प्यायले. रात्रभराची जागी होते, भूक लागली होती, आणि काय सांगू तुला, फार छान लागलं गं. नंतर लेकराला पाजलं, तर तेही संध्याकाळपर्यंत हूं की चूं न करता झोपलं. शील मोडलं ते त्या घरात आम्ही दोघांनी, मी अन् लेकरानं, आणि पेला जमिनीवर मिळाला बाबांना.